दिवाळीला नको, चैत्रात या

पोरगं शिकायला पुण्याला गेलं, की कोल्हापुरातल्या आईबापाचे पहिले काही महिने हायवेवरच जातात. शनिवारी रात्री चपात्या लाटायच्या, कांदा-लसणाची चटणी बरणीत दाबून भरायची, पहाटेची एसटी धरायची आणि दुपारच्या आत होस्टेलच्या गेटवर डबा घेऊन हजर. 230 किलोमीटर आम्हाला लांब वाटत नाही. माझ्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्यासाठी हे केलं, जावेनं तिच्या लेकीसाठी केलं. त्यामुळं आमचा मुलगा वर्षभरासाठी फिनलंडला निघाला आणि कागदपत्रांत ‘पालकांनी सुरुवातीच्या महिन्यांत भेटायला येऊ नये’ असं वाक्य निघालं, तेव्हा ते घरात मोठ्यांदा वाचायचं कुणी, इथूनच सुरुवात होती.

सासूबाई ऐकून म्हणाल्या, “तुरुंगात सुदिक भेटायला सोडत्यात की गं.”

रोटरीचा युथ एक्स्चेंज हा कार्यक्रम कोल्हापुरात बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. 15 ते 19 वयाची मुलं एक शैक्षणिक वर्ष परक्या देशात, तिथल्या कुटुंबांत राहतात आणि तिथल्याच शाळेत जातात. यजमान कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. ज्या घरातलं मूल बाहेर जातं, ते घर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं मूल आपल्याकडं ठेवून घेतं. वर्षात घरं दोन-तीनदा बदलतात, म्हणजे एकाच कुटुंबावर भार पडत नाही आणि मुलालाही देश एका घरापुरता दिसत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये आमचा मुलगा फिनलंडच्या उत्तरेकडं ओउलूला गेला. त्याच महिन्यात ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातली, उबेराबा शहराजवळची एक पोरगी आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आली. म्हणजे त्या वर्षी मी पाठवणारी आई होते आणि सांभाळणारीही. भेटीगाठींबद्दल मला जे सांगायचंय, ते या दोन्ही बाजू एकदमच बघितल्यामुळं.

‘बारावीच्या तोंडावर वर्ष वाया घालवताय’ हे आम्ही सगळ्यांकडून ऐकलं. त्यावर इथं लिहीत बसत नाही. वाया गेलं नाही, एवढं सांगते आणि पुढं जाते.

भेटीचा नियम जागोजागी थोडा वेगळा असतो, पण रोख तोच. आईवडिलांनी यायचं ते वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात, यजमान रोटरी क्लबला विचारून, शाळा बुडणार नाही अशा बेतानं. मुलांनी मनाला येईल तसा एकट्यानं प्रवास करायचा नाही, गाडी चालवायची नाही. घरी फोनसुद्धा रोज करू नका, असं समजावून सांगतात. वाचताना हे सगळं कोरडं वाटतं. त्यामागं काय आहे ते ऑक्टोबर उजाडला की कळतं.

ऑक्टोबर हा या वर्षातला सगळ्यात अवघड महिना. नवेपण सरलेलं असतं आणि भाषा अजून हाताशी आलेली नसते. ओउलूत दिवस भराभरा आखडायला लागतात. डिसेंबरच्या मध्यावर तिथं सूर्य जेमतेम साडेतीन तास वर असतो. फिनिश भाषेत नामाच्या पंधरा विभक्त्या. मुलगा शाळेत दिवसभर गप्प बसायचा आणि घरी येऊन झोपायचा. एका रात्री फोनवर म्हणाला, “आई, तू ये ना. चार दिवस तरी ये.” नवऱ्यानं त्याच रात्री तिकिटं बघून ठेवली. पैशाची सोय होत होती. रजाही मिळाली असती.

तेव्हा इकडं नवरात्र चालू होतं. अख्खं शहर अंबाबाईच्या दर्शनाला रांगेत उभं, गल्लीत स्पीकर, आणि आमची ब्राझीलची पोरगी खोलीचं दार लावून आत. जेवायला बसली तरी ताटातला भात नुसता इकडचा तिकडं. विचारलं की हसायची आणि “छान, छान” म्हणायची. तेवढा एकच शब्द तिला हमखास यायचा. एका रात्री आठच्या सुमाराला तिच्या आईचा मेसेज आला. तिकडं सकाळचे साडेअकरा. आम्ही दोघी मोबाईलवरच्या भाषांतरावर बोलायचो, ती पोर्तुगीजमध्ये, मी मराठीत. तिनं विचारलं होतं, मी ख्रिसमसला आले तर चालेल का? क्लबला मी नंतर विचारीन, आधी तुम्हाला विचारतेय.

त्या मेसेजचं उत्तर लिहायला मला बराच वेळ लागला. शेवटी लिहिलं, “माझा मुलगाही मला बोलावतोय आणि मी जाणार नाही. तुम्ही पण आत्ता येऊ नका. एप्रिलमध्ये या, मी तुमची वाट बघीन.”

दोन दिवस काही आलं नाही. मग एक ओळ आली. “ठीक आहे. ती आज जेवली का?”

तिथून पुढं रोज रात्री तोच प्रश्न आणि माझ्याकडून रोज ताटाचा फोटो. भाकरी, वांग्याचं भरीत, कधी पांढरा रस्सा. उरलेलं असलं तर उरलेल्याचाही फोटो. लपवायचं नाही हे मी ठरवलं होतं. ओउलूच्या यजमान काकू फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्या फोटो पाठवायच्या तो दारातल्या रॅकवरच्या बुटांचा. आमच्या मुलाचे बूट रॅकवर दिसले, की तो शाळेतून घरी आला, असं आम्ही समजायचं. बर्फानं कडा पांढऱ्या झालेले ते काळे बूट सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून किती वेळा बघितले असतील.

का नाही गेले? कारण सोळा-सतराच्या वयात मूल जेव्हा भाषेच्या उंबऱ्यावर अडखळत असतं, तेव्हा आई दारात उभी राहिली की ते मागं फिरतं. चार दिवस मराठी बोलेल, पोटभर जेवेल, कुशीत झोपेल. पाचव्या दिवशी विमानतळावर पुन्हा ताटातूट, आणि ही ताटातूट पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या वेळी त्याच्यापाशी उत्सुकता होती, निरोपाला सगळी गल्ली होती. दुसऱ्या वेळी नुसता अंधार आणि शाळा. क्लबमधल्या जुन्या माणसांनी अशी मुलं बघितलेली आहेत. लवकरच्या भेटीनंतर ती पहिल्या दिवसावर जाऊन पोचतात, काही तर आईबरोबरच परत येतात. आपल्याला वाटतं आपण बळ द्यायला चाललोय. बऱ्याचदा आपण आपलीच आस भागवायला चाललेलो असतो. आणि ती आस खरी असते, म्हणूनच तिला आवरणं इतकं जड जातं.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. मूल आजारी असेल, यजमान घरात त्याला भीती वाटत असेल, कुणी नीट वागवत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवायचं. प्रत्येक मुलामागं क्लबनं एक समुपदेशक नेमलेला असतो. यजमान घराला बाजूला ठेवून मूल थेट त्यांच्याशी बोलू शकतं, आणि घर मध्येच बदलताही येतं. पोरगं उदास आहे की संकटात आहे, हे आईला आवाजावरून ओळखता आलं पाहिजे. उदास असेल तर थांबायचं. संकटात असेल तर मिळेल त्या विमानानं निघायचं, कुणाला विचारायचं नाही.

दिवाळीच्या पहाटे चार वाजता सासूबाईंनी ब्राझीलच्या पोरीला पाटावर बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं. तेल मुरेपर्यंत ती रडली. हुंदके देऊन, मोकळं. सासूबाईंनी हात थांबवला नाही, बोलल्याही नाहीत. उटणं झालं, आंघोळ झाली आणि ती बाहेर येऊन म्हणाली, “आजी, भूक लागली.” ऑगस्टपासून ते तिचं पहिलं सबंध वाक्य. आम्ही ओउलूला फोन लावला. तिथं रात्रीचा साडेबारा वाजला होता, पोरगं जागं राहिलेलं. म्हणालं, यजमान काकू उद्या सकाळी माझ्यासाठी सॉना तापवणार आहेत, मी त्यांना अभ्यंगस्नान समजावून सांगितलंय. कुठल्या भाषेत, असं मी विचारलं. “फिनिशमध्येच, मोडकंतोडकं,” म्हणाला.

पाडव्याला गवळी लोकांनी म्हशी सजवून आणल्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, मोरपिसं. पोरीनं त्यांचे इतके व्हिडिओ काढून वडिलांना पाठवले, की ते विचारायला लागले, हे शहर आहे की गोठा? तिचे वडील गुरांचे डॉक्टर. त्यांना या म्हशी प्रत्यक्ष बघायच्याच होत्या.

डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडं काहीतरी सुटलं. ते कुठल्या दिवशी घडलं ते सांगता येत नाही. आमच्या मावसदिरांच्या गुऱ्हाळावर तिनं काहिलीतला गरम गूळ काठीवर घेऊन तोंडात घातला आणि ओरडलीच, “रापादुरा!” त्यांच्याकडंही उसाचा रस आटवून अशाच वड्या पाडतात. त्या दिवशी गुळव्याशी ती तासभर बोलत होती. मराठी आमच्या पेठेची, थेट “मी आलो”, “मी जातो”वाली; शाळेतल्या मैत्रिणींकडून उचललेली. मुलगा तिकडं उणे वीस अंशांत सायकलवरून शाळेला जात होता. ओउलूत थंडीतसुद्धा सायकली बंद होत नाहीत, रस्ते तसे राखलेले असतात. त्याचे फोन आखूड झाले. “आई, नंतर करतो, बाहेर निघालोय.” हे ऐकून बरं वाटलं आणि पोटात तुटलंही. दोन्ही एकदम.

मधे दुसऱ्या यजमान घरी राहून मार्चमध्ये ती पुन्हा आमच्याकडं राहायला आली आणि तिच्या आईवडिलांच्या येण्याची तयारी सुरू झाली. ब्राझीलमधून भारतात येणाऱ्याला पीतज्वराची लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरण. हे मी त्यांना फेब्रुवारीपासून सांगत होते. परदेशी माणूस घरी उतरला की 24 तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं; तेव्हा त्यासाठी सी फॉर्म भरावा लागायचा, तो नवऱ्यानं आधीच उघडून वाचून ठेवला.

त्यांचा पहिला बेत असा होता: दिल्ली, आग्रा, जयपूर, उदयपूर, आणि शेवटी दोन दिवस कोल्हापूर. मी तो उलटा करायला लावला. ताजमहाल कुठं जात नाही. पण तुमच्या लेकीचं कोल्हापूर जूनमध्ये संपणार, ते आत्ताच बघायला मिळेल. त्यांनी ऐकलं. राजस्थान सोडलं, आग्र्याचं काम शेवटच्या दिवसांत उरकलं आणि बाकी सगळे दिवस इथं.

उन्हाळा कडक, लोकसभेच्या प्रचाराच्या गाड्या दारावरून जातायत, आणि अशात ती दोघं आली. पहिल्या संध्याकाळी पोरगी वडिलांना गंगावेशीत घेऊन गेली. मी मागं मागं. कोल्हापुरात गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून पेला हातात देतात. या पंढरपुरी म्हशी, शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली. डॉक्टरसाहेब आधी एका म्हशीभोवती फिरले. खूर बघितले, कासेला हात लावू का म्हणून खुणेनं विचारलं. मग प्रश्न सुरू झाले. वेताला किती दूध देते, चारा काय, भाकड किती दिवस. पोरगी मधे उभी राहून इकडचं तिकडं करत होती. वैरण, पेंड, रेडकू हे शब्द तिला माहीत होते. गवळीदादा तिच्याशी असे बोलत होते जणू ती पलीकडच्या गल्लीतली. मग त्यांनी पेला भरला, वर फेस. वडिलांनी तो उभ्याउभ्या संपवला, ओठावरचा फेस तसाच ठेवून लेकीकडं बघितलं आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलले. तिनं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी मोबाईलवर त्यांच्याकडच्या गाईचा फोटो दाखवला. फुगीर कपाळ, लोंबते कान, तांबूस अंग. सासूबाई म्हणाल्या, “ही तर आपलीच की!” गीर होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडची गुरं जहाजानं ब्राझीलला गेली. आंध्रातल्या ओंगोल जातीला तिथं नेलोर म्हणतात आणि आज त्या देशात सगळ्यात जास्त गुरं तीच. उबेराबा तर या गुरांच्या पैदाशीचं मोठं केंद्र. सासूबाईंना त्या रात्री ब्राझील एकदम जवळ आलं.

आईचं वेगळं होतं. ती बोलायची कमी, बघायची जास्त. एका सकाळी आम्ही कपिलतीर्थ मंडईत गेलो. पोरीनं मेथीची पेंडी उचलली, उलटी करून मुळं बघितली आणि म्हणाली, “वीस? काल पंधराला होती की मावशी!” मावशी म्हणाल्या, घे, तुला पंधराला. आई पिशवी धरून मागं उभी होती, तशीच उभी राहिली. परत येताना रिक्षात तिनं लेकीला मला सांगायला लावलं: लहानपणी ही दुकानात माझ्या मागं लपायची. दुकानदाराशी कधी बोललीच नाही. पोरीनं हे भाषांतर केलं आणि स्वतःच लाजली.

ऑक्टोबरमध्ये ही बाई आली असती, तर तिला दार लावून बसलेली लेक दिसली असती. ती तिला पोटाशी धरून घेऊन गेली असती आणि तिला दोष देता आला नसता. एप्रिलमध्ये तिला लेकीनं हाताला धरून मंडईत नेलं.

चैत्र पौर्णिमा त्या वर्षी 23 एप्रिलला होती. मुख्य दिवशी जोतिबाच्या डोंगरावर लाखोंची गर्दी, म्हणून आम्ही आदल्या दिवशी वर गेलो. सासनकाठ्या चढत होत्या, गुलालानं पायऱ्या, भिंती, माणसं सगळं एका रंगाचं. पोरगी घसा फोडून “चांगभलं” म्हणत होती. आईवडील तिच्या मागं, तिनं सांगितलं तिथं थांबायचं, तिनं सांगितलं तिथं पाया पडायचं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबाबाईचा रथ बघितला आणि मग ती आग्र्याला निघाली. पोरगी त्यांच्याबरोबर गेली, क्लबची परवानगी काढूनच.

7 मेला मतदान करून आम्ही आमच्या तयारीला लागलो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप घरीच राहिलं. चटणी, भडंग आणि गूळ गेला. हेलसिंकीहून ओउलू 600 किलोमीटरच्या आसपास, रेल्वेनं सहा तास. मुलगा स्टेशनवर आला होता. उंची वाढलेली, आवाज खाली गेलेला. मिठी मारून झाल्यावर पहिलं सांगितलं ते असं: “बसमध्ये हळू बोलायचं. घरात शिरताना बूट काढायचे, ते आपल्यासारखंच. आणि सहा म्हणजे सहा, सव्वासहा नाही.” त्याच्या बाबांनी मान डोलावली. कोल्हापूरच्या घरात ते कधी कुणाच्या वेळेवर चालले नव्हते, इथं चालले.

रात्री अकराला बाहेर लख्ख उजेड. यजमान काकांनी बाप-लेकांना सॉनात नेलं. मी काकूंबरोबर ओट्यापाशी. चटणीचा वास घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि झाकण हळूच परत लावलं. जेवताना मुलगा त्या लोकांशी फिनिशमध्ये काहीतरी बोलला आणि सगळे हसले. मला काही कळलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. गंगावेशीत मी ज्या जागी उभी होते, बरोबर तिच्या पलीकडच्या जागी आता बसले होते, आणि तिथंही बसता येतं हे मला उबेराबाच्या त्या बाईनं आधीच दाखवून ठेवलं होतं.

शनिवारी, 1 जूनला, त्याच्या शाळेचा शेवटचा दिवस होता. शाळा पूर्ण करणारी मुलं त्या दिवशी पांढरी टोपी घालतात. त्याचे मित्र टोप्या घालून अंगणात आले, आमच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलले आणि त्याला घेऊन गेले. तो संध्याकाळी येतो म्हणाला. आम्ही दोघं नदीकाठानं चालत बाजारपेठेत गेलो, पोलिसाच्या जाड्या पुतळ्यापाशी फोटो काढला, कॉफी प्यायलो. काकूंनी साडेपाचला फोटो पाठवला. रॅकवर उन्हाळी बूट.

आता आमच्या गल्लीतल्या एका घरची लेक मेक्सिकोला निघालीय. तिची आई परवा आली होती, दिवाळीचं तिकीट आत्ता काढलं तर स्वस्त पडेल का विचारायला. मी चहा ठेवला आणि सांगितलं, दिवाळीचं नको, एप्रिल-मेचं बघा. तारीख लेकीला विचारून ठरवा. तिच्या शाळेचं काय आहे, कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, ते तिला माहीत असणार. व्हिसाचं काम जानेवारीतच सुरू करा. हॉटेलं आधी बुक करू नका, फिरायचं कुठं ते ती सांगेल. आणि यजमान बाईंचा नंबर आजच मागून घ्या, रोज एकच प्रश्न विचारायचा म्हणून. ती म्हणाली, दिवाळीत मी काय करू मग? सासूबाई आतून म्हणाल्या, “आमच्याकडं ये की. यंदा जर्मनीची पोरगी येतीया, तिला तेल लावायला माणूस पायजे.”